शेजारी धावले, पालिका कुठे होती?

आग लागली की माणूस आधी शेजाऱ्याला हाक मारतो. मग अग्निशमन दलाचा बंब येतो. आणि आग विझल्यावर, अंगावरच्या कपड्यांनिशी, मुलांचा हात धरून रस्त्यावर उभे राहिलेले कुटुंब ज्या दाराकडे बघते, ते दार असते नगरपालिकेचे. रात्री कुठे झोपायचे, उद्या काय खायचे, सापडत नसलेल्या माणसाची चौकशी कोणाकडे करायची, पुन्हा हक्काचे घर कधी मिळणार, हे सगळे प्रश्न घेऊन लोक त्याच दारात जातात.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेली आग आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिली होती. त्या आगीबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. आज आम्हाला लिहायचे आहे ते आगीनंतरच्या दिवसांबद्दल, आणि तिथल्या पालिकेने, म्हणजे ज्याला ते लोक कौन्सिल म्हणतात, तिने रहिवाशांसाठी काय केले व काय केले नाही याबद्दल. आपल्या कोकणातली कितीतरी कुटुंबे ब्रिटनमध्ये राहतात; त्यांच्यासाठी हा रोजचा प्रश्न आहे. आणि इथे उंच इमारतीत राहायला गेलेल्या आपल्या घरांसाठीही तो परका नाही.

सहरीच्या आधी

14 जून 2017 ची ती रात्र रमजानची होती. दुसरा अशरा संपत आला होता. जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. इफ्तार, मग उशिराची तरावीह, आणि पाठोपाठ पहाटे तीनच्या आत सहरी. त्यामुळे इतर लोक झोपलेले असताना मुस्लिम घरांतले दिवे चालू होते.

उत्तर केन्सिंग्टन भागातली ही 24 मजली इमारत कौन्सिलच्या मालकीची. 1974 मध्ये बांधून झालेली. तिथे मोरोक्को, इरिट्रिया, इथिओपिया, सुदान, सीरिया, लेबनॉन, बांगलादेश अशा देशांतून आलेली कुटुंबे होती, तशीच इंग्रज, आयरिश आणि पोर्तुगीजही. बहुतेक कष्टकरी. रात्री 12 वाजून 54 मिनिटांनी चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधून फोन गेला: फ्रिज पेटला आहे. पाच मिनिटांत पहिला बंब पोहोचला. स्वयंपाकघरातली आग तेवढ्यात आटोक्यात यायला हवी होती. पण ती खिडकीजवळून बाहेर पडली, बाहेरच्या भिंतीला लागली आणि सुमारे अर्ध्या तासात थेट छतापर्यंत गेली.

सहरीसाठी जागे असलेल्यांनी शेजाऱ्यांची दारे ठोठावली, झोपलेल्यांना उठवले, जिन्याने खाली आणले. बचावलेल्या अनेकांनी पुढे हे आवर्जून सांगितले. तरीही 72 माणसे गेली. त्यांत 18 मुले होती. इमारतीत 37 अपंग रहिवासी राहत होते. त्यांतले 15 वाचू शकले नाहीत.

भिंतीवरचा पत्रा

एक फ्रिज पेटल्याने 24 मजले कसे जळतात? उत्तर बाहेरच्या भिंतीवर होते. 2016 मध्ये इमारतीची दुरुस्ती पूर्ण झाली, तेव्हा थंडीपासून बचाव व्हावा आणि इमारत देखणी दिसावी म्हणून बाहेरून नवे आवरण बसवले गेले. यालाच क्लॅडिंग म्हणतात. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये पॉलिथिलीनचा गाभा. पॉलिथिलीन म्हणजे प्लास्टिक. पेटले की वितळते, थेंब थेंब खाली टपकते आणि जिथे पडेल तिथे आग नेते. आपल्याकडे दुकानांच्या आणि ऑफिसांच्या दर्शनी भागावर ज्या 'एसीपी शीट' लावतात, त्या याच जातीच्या. गाभा प्लास्टिकचा की आग रोखणारा, हे बाहेरून बघून कळत नाही.

आधी झिंकचे पत्रे बसवायचे ठरले होते. ते बदलून हे स्वस्त पत्रे घेतले, तेव्हा सुमारे 2 लाख 93 हजार पौंड वाचले, असे कागदपत्रांतून पुढे आले. 72 जिवांशेजारी हा आकडा ठेवला की वेगळे काही लिहावे लागत नाही.

रहिवाशांना आणखी एका सूचनेने दगा दिला. अशा इमारतींत आग लागली तर आपापल्या घरातच थांबा, असा नियम होता. प्रत्येक फ्लॅट म्हणजे एक बंद पेटी, आग एका पेटीतून दुसरीत जाणार नाही, असा त्यामागचा विचार. बाहेरून पेटलेल्या भिंतीने तो विचार कधीच खोटा ठरवला होता. तरीही ही सूचना मागे घ्यायला रात्रीचे 2 वाजून 47 मिनिटे झाली. तोवर वरच्या मजल्यांवरचे लोक फोनवर मदत मागत घरातच थांबले होते.

आणि हे सर्व अचानक झाले असेही नाही. इमारतीत आगीचा धोका आहे, आमचे कोणी ऐकत नाही, एखादी मोठी दुर्घटना झाल्याशिवाय यांचे डोळे उघडणार नाहीत, असे रहिवाशांच्या एका गटाने नोव्हेंबर 2016 मध्ये जाहीरपणे लिहिले होते. त्यानंतर सातच महिन्यांनी इमारत जळाली.

मशीद उघडली, चर्च उघडले

उजाडले तेव्हा रस्त्यावर शेकडो माणसे होती. कोणाच्या पायात चप्पल नव्हती, कोणाकडे औषधे नव्हती, कोणाचे वडील सापडत नव्हते. जवळच्या अल-मनार या मुस्लिम सांस्कृतिक केंद्राने दारे उघडली. सेंट क्लेमेंट्स चर्चने उघडली, नॉटिंग हिल मेथडिस्ट चर्चने उघडली. तरुण मुले ट्रकमधून कपडे उतरवत होती. शीख स्वयंसेवक जेवण घेऊन आले. रोजेदार दिवसभर उपाशी राहून दुसऱ्यांना पाणी वाटत होते, आणि संध्याकाळी इफ्तारच्या पंगतीला जो येईल तो बसत होता. कोण कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारले नाही.

यातून निघालेली एक गोष्ट आपल्या भगिनींना आवडेल. घर गमावलेल्या कुटुंबांना हॉटेलांत ठेवले होते, आणि हॉटेलच्या खोलीत चूल कुठली? मुलांना घरचे दोन घास मिळावेत म्हणून काही स्त्रियांनी अल-मनारच्या स्वयंपाकघरात रांधायला सुरुवात केली. हळूहळू देशोदेशीच्या बायका तिथे जमू लागल्या. त्यांनी त्या स्वयंपाकघराला नाव दिले 'हुब्ब', म्हणजे अरबीत प्रेम. पैशांअभावी ते आठवड्यातून दोनच दिवस चालत असे. 2018 च्या सप्टेंबरात त्यांच्या पाककृतींचे पुस्तक निघाले, त्याला राजघराण्याच्या सुनेने प्रस्तावना लिहिली, आणि त्याच्या विक्रीतून स्वयंपाकघर आठवडाभर उघडे ठेवायची सोय झाली. दुःखात बसून राहण्यापेक्षा पातेले चढवणे बरे, हे आपल्याही घरातल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही.

आणि कौन्सिल?

केन्सिंग्टन आणि चेल्सी ही ब्रिटनमधल्या सर्वांत श्रीमंत कौन्सिलांपैकी एक. पैसा होता, माणसे होती, कायद्याने दिलेली जबाबदारी होती. पण पहिल्या काही दिवसांत रहिवाशांना तिचे माणूस शोधूनही सापडत नव्हते. नातेवाईक हातात फोटो घेऊन एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात फिरत होते. कुटुंबांना लंडनभर वेगवेगळ्या हॉटेलांत पाठवले गेले. एकाच घरातले, एकाच मजल्यावरचे लोक एकमेकांपासून दूर पडले. तिसऱ्या दिवशी मदतीचे सूत्रसंचालन या कौन्सिलकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाती द्यावे लागले. सरकारने 50 लाख पौंडांचा तातडीचा निधी जाहीर केला. त्यातून प्रत्येक कुटुंबाला 500 पौंड रोख आणि 5,000 पौंड खात्यात अशी किमान मदत ठरली. 29 जूनला कौन्सिलची बैठक भरली तेव्हा लोकांना आणि पत्रकारांना बाहेर ठेवण्याचा प्रयत्न झाला. न्यायालयाच्या आदेशामुळे पत्रकार आत आले, तर बैठकच गुंडाळली गेली. दुसऱ्या दिवशी कौन्सिलच्या नेत्याने राजीनामा दिला. मुख्य अधिकारी त्याआधीच गेले होते.

निवृत्त न्यायाधीश सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशी आयोगाने 4 सप्टेंबर 2024 रोजी अंतिम अहवाल दिला. सर्व मृत्यू टाळता येण्याजोगे होते, असा त्याचा निष्कर्ष. पत्रे आणि इन्सुलेशन बनवणाऱ्या कंपन्यांची लबाडी, सरकारची ढिलाई, बांधकाम करणाऱ्यांची बेफिकिरी, सर्वांवर ठपका आहे. पण आगीनंतरच्या आठवड्याबद्दलचा भाग आम्हाला सर्वांत जास्त टोचला. कौन्सिलकडे संकटाची नीट तयारी नव्हती, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण नव्हते, आणि लोकांना वाऱ्यावर सोडल्यासारखे वाटले, असे आयोग म्हणतो. धार्मिक व सांस्कृतिक गरजा असलेल्यांना, विशेषतः रमजान पाळणाऱ्या मुस्लिमांना, भेदभावाची वागणूक मिळाली, असेही तो नोंदवतो. सर्वांत मोठे श्रेय त्याने दिले आहे ते स्थानिक लोकांना.

हे श्रेय वाचून अभिमान वाटतो, तसेच वाईटही वाटते. शेजाऱ्यांनी पहिली रात्र काढून दिली. पण शेजारी दोनशे कुटुंबांना घरे देऊ शकत नाहीत. तीन आठवड्यांत जवळपास घर देऊ, असे सरकारचे वचन होते. वर्ष उलटले तेव्हा निम्म्याहून कमी कुटुंबे कायमच्या घरात गेली होती. कौन्सिलने पुढे 300 हून अधिक घरे विकत घेतली, मानसिक आधाराची सोय झाली, हेही सांगायला हवे. पण मुलांच्या आयुष्यातले जे वर्ष हॉटेलच्या खोलीत गेले, ते कोणत्या निधीतून भरून येणार?

नऊ दिवसांनंतर, काही मैलांवर

ग्रेनफेलनंतर सगळ्या कौन्सिलांनी आपापल्या इमारतींचे पत्रे तपासायला घेतले. कॅम्डेन कौन्सिलच्या चॅल्कॉट्स वसाहतीतल्या टॉवरवरही धोकादायक पत्रे निघाले. अग्निशमन दलाने आत पाहिले तर गॅसच्या नळांभोवती पोकळ्या, आणि वसाहतीत हजाराहून अधिक आगप्रतिबंधक दारे गायब. रात्री इथे कोणाला झोपू देणे सुरक्षित नाही, असा सल्ला मिळाला. 23 जूनच्या संध्याकाळी चार टॉवर रिकामे करायला सुरुवात झाली. तो रमजानचा शेवटचा जुमा होता. ईद दोन दिवसांवर होती.

गोंधळ इथेही झाला. काहींना टीव्हीवरच्या बातमीतून कळले. म्हातारी माणसे, तान्ही बाळे घेऊन लोक रात्री उशिरा बाहेर पडले, स्विस कॉटेजच्या क्रीडा केंद्रात हवेच्या गाद्यांवर झोपले. काहींनी घर सोडायला चक्क नकार दिला. तरी एक फरक होता. कौन्सिलच्या नेत्या स्वतः त्या रात्री रहिवाशांमध्ये होत्या, कर्मचारी दारोदार जात होते, हॉटेलांचा खर्च कौन्सिलने उचलला, आणि सुमारे महिनाभरात तातडीची कामे उरकून लोक घरी परतू लागले. पत्रे पूर्ण बदलायला मात्र पुढे बरीच वर्षे लागली.

दोन्ही कौन्सिला एकाच शहरातल्या, एकाच कायद्याखालच्या. एकीने अमानत सांभाळायला उशीर केला, दुसरीने धावपळीत का होईना सांभाळली. पद ही अमानत असते आणि तिचा हिशेब द्यावा लागतो, ही शिकवण आपल्या घराघरांत दिली जाते. कौन्सिलच्या कचेरीतही ती तितकीच लागू आहे.

ब्रिटनमधल्या आपल्या माणसांसाठी

प्रश्न अजून संपलेला नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये अंदाज दिला की 11 मीटरहून उंच अशा 9 ते 12 हजार इमारतींना दुरुस्ती लागेल, आणि त्यांतल्या पुष्कळशा अजून ओळखल्याही गेलेल्या नाहीत. दरम्यान अशा इमारतींत ज्यांनी कर्ज काढून फ्लॅट घेतले, त्यांचे हाल झाले. फ्लॅट विकता येईना, बँका कर्ज देईनात, विम्याचा हप्ता कित्येक पटींनी वाढला, आणि रात्री पहारा देणाऱ्या माणसांचा खर्चही रहिवाशांच्या माथी आला.

2022 च्या इमारत सुरक्षा कायद्याने बराच दिलासा दिला. किमान पाच मजली किंवा किमान 11 मीटर उंच इमारतीत जे पात्र फ्लॅटधारक आहेत, त्यांच्याकडून धोकादायक क्लॅडिंग काढण्याचा खर्च घेता येत नाही. इतर त्रुटींच्या खर्चालाही मर्यादा आहे. बहुतेकांसाठी लंडनमध्ये 15 हजार आणि बाहेर 10 हजार पौंड. मात्र त्याहून बुटक्या इमारतींना हे संरक्षण नाही. म्हणून तिथे राहणाऱ्या मुलाला, लेकीला फोन कराल तेव्हा नुसते 'खैरियत?' विचारून थांबू नका. तुमची इमारत किती उंच आहे आणि तिची तपासणी झाली का, तेही विचारा.

खाजगी इमारत असली तरी कौन्सिल हात झटकू शकत नाही. 2004 च्या गृहनिर्माण कायद्याने तिला इमारत तपासण्याचा, मालकाला दुरुस्तीची नोटीस देण्याचा, आणि त्याने टाळाटाळ केल्यास स्वतः काम करून खर्च वसूल करण्याचा अधिकार आहे. इमारत तातडीने रिकामी करावी लागली तर बेघर झालेल्यांना निवारा देण्याचे कामही तिच्याकडेच येते. ऑगस्ट 2024 मध्ये पूर्व लंडनच्या डॅगनममध्ये, जिथे धोकादायक पत्रे काढण्याचे काम चालू होते, त्याच इमारतीला आग लागली. 80 हून अधिक माणसे बाहेर काढली गेली, जीव कोणाचा गेला नाही. तीही खाजगी इमारत होती, आणि निवाऱ्याची सोय तिथल्या कौन्सिलनेच केली.

आमचा सल्ला साधा आहे. तक्रार तोंडी करू नये. लेखी करावी, तारीख घालावी, उत्तराची प्रत जपून ठेवावी. एकट्याने करू नये. मजल्यावरच्या सर्वांच्या सह्या घ्याव्यात. इंग्रजी येत नाही म्हणून घरातल्या मोठ्यांनी गप्प बसू नये, दुभाषा मागावा.

आपल्या जिन्यात

ग्रेनफेलनंतर अडीच महिन्यांनी, 31 ऑगस्ट 2017 रोजी, मुंबईत भेंडी बाजारची हुसैनी इमारत कोसळली आणि 33 जण गेले. तिथे प्रश्न क्लॅडिंगचा नव्हता, जुन्या भिंतींचा होता. पण इमारत धोकादायक आहे हे आधीच ठाऊक होते, आणि तरी आत माणसे राहत होती. नोटीस आली तरी लोक घर का सोडत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. संक्रमण शिबिरात गेलेल्यांची मुले तिथेच मोठी होऊन लग्नाला आलेली आपण पाहिली आहेत. 'तात्पुरते' या शब्दावर विश्वास उरला नाही की माणूस पडक्या छताखाली राहणे पत्करतो. म्हणून धोकादायक घरातून बाहेर काढणे हे पालिकेचे अर्धेच काम झाले. कुठे, किती दिवसांसाठी, आणि परत कधी, हे लेखी सांगणे हे उरलेले अर्धे.

आणि काही कामे आपलीही आहेत. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली आगरोधक यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, ज्याला 'फॉर्म बी' म्हणतात, दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. आपल्या सोसायटीने शेवटचे कधी दिले, हे सेक्रेटरीला विचारा. इमारतीला बाहेरून नवे पत्रे किंवा काच बसवायचा ठराव सोसायटीच्या सभेत आला, तर रंग कोणता याआधी गाभा कशाचा, आणि आग लागल्यावर त्याचे काय होते, हे विचारा. उत्तर कागदावर घ्या. जिन्यातली सायकल, चपलांचे कपाट, जुनी गादी आजच हलवा. वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजी, चालता न येणारे चाचा यांना आग लागल्यावर कोण खाली आणणार, हे आधी ठरवून ठेवा. अग्निशमन दलाचा 101 हा नंबर मुलांना पाठ असू द्या.

ग्रेनफेलच्या रहिवाशांनी पुढची कित्येक वर्षे दर महिन्याच्या 14 तारखेला मूक मोर्चा काढला. घोषणा नाही, भाषण नाही. हजारो माणसे शांतपणे चालत. मशिदीतले आणि चर्चमधले, घर गमावलेले आणि घर वाचलेले, सगळे एकत्र. चौकशी आयोगाचा अहवाल, नवा कायदा, राजीनामे, हे काहीही आपोआप घडले नाही. ज्या शेजाऱ्यांनी पहिल्या रात्री दारे ठोठावली, त्यांनीच पुढे सरकारचे दार ठोठावत ठेवले.

शेजाऱ्याचा हक्क आपण जाणतो. भुकेल्याला जेवण, बेघराला आसरा, हे कोणी सांगण्याची वाट आपण बघत नाही. त्याच हक्कात आणखी एक गोष्ट येते, असे आम्हाला वाटते: शेजाऱ्याच्या घरावर संकट येण्याआधी, ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांना त्याची आठवण करून देणे, आणि उत्तर मिळेपर्यंत न थकता विचारत राहणे.